गाळ उपसायचा की माती राखायची?

एप्रिल-मे महिन्यांत महाराष्ट्रातील एखाद्या आटलेल्या तलावाकाठी गेले, की पोकलेनची घरघर ऐकू येते आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांची रांग दिसते. तलावाच्या पोटातील काळाभोर गाळ उपसून शेतकरी तो आपल्या रानात पसरतो. २०१७ साली राज्य शासनाने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या नावाने या प्रथेला योजनेचे रूप दिले आणि समाजाने तिचे स्वागतच केले. तलावाची साठवण वाढते, हलक्या रानाला कस येतो. यात वाईट काही नाही. परंतु हा गाळ तलावात आला कोठून, हे ट्रॉली भरताना सहसा कोणी विचारत नाही. तो वरच्या अंगाच्या शेतांतून, कुरणांतून आणि बोडक्या टेकड्यांवरून आला. पावसाने फुकट नेलेली माती शेतकरी डिझेलचे पैसे मोजून परत आणतो आणि मृगाच्या सरी तिचा काही भाग पुन्हा त्याच तलावाकडे नेतात. हा व्यवहार किती वर्षे चालायचा?

डेहराडून येथील केंद्रीय मृद व जलसंधारण संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८३ साली एक अंदाज मांडला होता. देशात दरवर्षी सुमारे ५३३ कोटी टन माती जागची हलते. त्यातील २९ टक्के कायमची समुद्रात जाते आणि १० टक्के धरणांच्या तळाशी बसते. हेक्टरी हे प्रमाण सुमारे १६ टन पडते. आकडा मोठा वाटतो खरा, पण शेतात तो दिसत नाही. कारण एवढी माती म्हणजे रानावरचा जेमतेम एक मिलिमीटरहून किंचित जाड थर. म्हणूनच कृषी विभागाच्या भाषेत तिला ‘सालकाढी धूप’ म्हणतात. घळ पडली की शेतकरी धावतो. साल निघत असते तेव्हा मात्र त्याच्या लक्षातही येत नाही, आणि जाणारा थर नेमका सर्वांत सुपीक असतो.

वाहते पाणी माती नेते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अपुरी आहे. पाणी वाहू लागण्याआधीच नुकसानीस प्रारंभ झालेला असतो. वळवाच्या पावसाचा टपोरा थेंब ताशी सुमारे तीस किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळतो. उघड्या मातीचे ढेकूळ त्या माराने फुटते, सुटे झालेले बारीक कण जमिनीची छिद्रे बुजवतात आणि वर पापुद्रा धरतो. मग पाण्याला मुरायला वाट उरत नाही; ते उताराने धावते आणि सुटलेले कण सोबत नेते. तोच थेंब पानावर, गवताच्या काडीवर किंवा शेतात राहू दिलेल्या धसकटांवर पडला, तर त्याचा जोर तेथेच संपतो. मातीचे रक्षण दगडी बांधापेक्षा आधी पानाने होते, ही गोष्ट आपल्या जलसंधारणाच्या हिशेबात फारशी कोठे धरलेली दिसत नाही.

या दृष्टीने आपल्या एका जुन्या रिवाजाकडेही डोळसपणे पाहावे लागेल. सोलापूरपासून मराठवाड्यापर्यंतच्या भारी काळ्या जमिनीत रब्बीची ज्वारी घेण्यासाठी रान पावसाळाभर मोकळे ठेवून कुळवाच्या पाळ्या दिल्या जातात. ही पद्धत मूर्खपणाची नव्हती. भिजलेल्या चिकट काळ्या रानात औत चालत नाही, तण माजते आणि पावसाचा नेम नसतो. तेव्हा ओल साठवून हमखास एक पीक घ्यावे, हे पूर्वजांचे शहाणपणच होते. पण त्याची किंमत माती मोजत होती. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे इक्रिसॅट या संस्थेने १९७६ पासून अशाच काळ्या रानावर दीर्घकालीन प्रयोग चालवला. पावसाळ्यात पडीक राहणाऱ्या रानातून वर्षाला हेक्टरी सहा टनांहून अधिक माती गेली. रुंद वरंबे-सऱ्या पाडून खरिपातही पीक उभे ठेवलेल्या रानातून गेली ती दीड टनाच्या आसपास. धान्याचे उत्पन्न तर हेक्टरी सुमारे एक टनावरून पाच टनांपर्यंत गेले. सोलापूरच्या पावसात दोन पिके दरवर्षी साधतीलच असे नाही. तरीही पाऊस बरा झाला त्या वर्षी मूग किंवा उडदासारखे कमी दिवसांचे पीक, हलक्या रानात बाजरीच्या जोडीला मटकीचे किंवा कुळथाचे पसरट वेल, एवढे तरी जमीन झाकू शकतात. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी परंपरेतील उणीवही तितक्याच आत्मीयतेने दुरुस्त केली पाहिजे.

दुसरा प्रश्न औताच्या दिशेचा. उताराला आडवे पेरले, की प्रत्येक तास लहानसा बांध होतो. उताराने पेरले, की प्रत्येक तास पाण्याचा पाट होतो. हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. अडचण वेगळीच आहे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाटण्यांतून रानांच्या लांबट पट्ट्या झाल्या आणि पुष्कळ ठिकाणी त्या उताराच्याच दिशेने उतरतात. अरुंद पट्टीत ट्रॅक्टर आडवा फिरवला तर वळणावळणाला वेळ आणि डिझेल जाते. म्हणून तो सरळ उतारानेच चालतो. मुंबई इलाख्यात १९४२ साली जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला आणि पुढे गावोगाव समपातळी बांध पडले. पाण्याची रेषा आणि मालकीची रेषा जुळत नसल्याने त्यांतील अनेक बांध शेतकऱ्यांनीच नांगरून टाकले. शेजाऱ्याचा बांध दरवर्षी एकेक तास कोरणारे भाऊबंद कोणत्या गावात नाहीत? त्या बांधापायी न्यायालयात पिढ्या खर्ची पडतात आणि बांधावरचे गवत, ज्याच्या मुळांनी माती धरून ठेवायची, ते आधीच नाहीसे झालेले असते.

महात्मा फुले यांनी १८८३ साली पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सरकारने फौजेतील शिपायांकडून ताली-बंधारे घालून घ्यावेत, असे सुचवले होते. डोंगरावरचा पालापाचोळा आणि माती पावसाने वाहून शेतात येते व तिने रान सकस होते, हे त्यांचे निरीक्षण होते. आज डोंगरावर तो पालापाचोळाच उरलेला नाही. फाल्गुनात वणवे लागतात, पवना-मारवेलीसारखे गवत राख होते, उरलेसुरले गुरे खातात आणि ज्येष्ठात माथा उघडा पडतो. पायथ्याच्या शेताने कितीही बांध घातले, तरी वरून येणारा लोंढा ते फोडून जातो.

हे उलटे फिरवता येते. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील बारीपाडा या वनवासी गावाभोवतीचे जंगल नव्वदच्या दशकाच्या प्रारंभी तुटून गेले होते आणि मायबहिणींना पाण्यासाठी दूरवर पायपीट करावी लागे. वनवासी कल्याण आश्रमाचे कार्यकर्ते चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावाने नियम केले: झाड तोडणाऱ्यास दंड, चराईस मर्यादा आणि राखण गावकऱ्यांचीच. सुमारे अकराशे एकर जंगल पुन्हा उभे राहिले. श्रमदानाने चर आणि छोटे बांधही झाले, पण त्यांचा उपयोग टिकला तो वर झाड आणि गवत टिकले म्हणून. २०२५ साली चैत्राम पवारांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा अनेक शहरी घरांनी बारीपाड्याचे नाव प्रथम ऐकले.

शासनाचा हिशेब मात्र घनमीटरमध्ये चालतो. २०१४ च्या अखेरीस सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात ‘माथा ते पायथा’ हे सूत्र मान्य असूनही अनेक ठिकाणी भर नाला खोलीकरणावरच राहिला, अशी टीका या क्षेत्रातील जाणकारांनी त्याच काळात केली होती. सरकार आपल्या विचारांचे आहे म्हणून ती टीका राजकीय ठरवून झटकण्यात हित नाही. खोदलेले घनमीटर मोजता येतात, त्यांचे देयक निघते. न जाळलेल्या गवताचे देयक कोण काढणार?

सकाळी अंथरुणातून उठताना जमिनीला हात लावून, तिला पाऊल लागते म्हणून क्षमा मागण्याचा संस्कार आपल्या घराघरांत आहे. ज्यांच्या नळाला धरणाचे पाणी येते त्या शहरी कुटुंबांचाही या मातीशी संबंध आहे. धरणात गाळ जितका चढतो, तितकी त्यांच्या पाण्याची जागा घटते. गावातील कार्यकर्त्यांपुढचे काम अधिक नेमके आहे. १ मेच्या ग्रामसभेत योजनांच्या याद्या वाचून होतातच. त्याच बैठकीत एका ओढ्याकाठच्या दहा-पंधरा खातेदारांना एकत्र बसवून दोन गोष्टी ठरवता येतील: माथ्यावरच्या गवताला आग लागू नये म्हणून राखण कोणाची, आणि यंदा ट्रॅक्टर आडवा चालवायचा तर कोणाच्या पट्टीतून वळायचा. पेरणीला त्यानंतर जेमतेम पाच-सहा आठवडे उरतात.