तुटलेला धागा

भिवंडीच्या यंत्रमाग कारखान्यात एक कामगार एकाच वेळी अनेक माग सांभाळतो. कानठळ्या बसविणाऱ्या खडखडाटातही त्याचे लक्ष धाग्यांवर असते. एखादा उभा धागा तुटला आणि वेळीच जोडला गेला नाही, तर माग चालूच राहतो, कापडही विणले जाते. मात्र त्यात लांबवर दोष उमटतो. आपल्या कुटुंबांचे आज असेच झाले आहे. चौघे एका खोलीत बसतात आणि चौघांच्या माना चार पडद्यांवर झुकलेल्या असतात. संसाराचा माग चालू आहे; संवादाचा धागा तुटल्याचे मात्र कोणाच्या ध्यानात नाही.

२०२२ मध्ये महाराष्ट्रातील दोन गावांनी या प्रश्नाला हात घातला. यवतमाळ जिल्ह्यातील बान्सीच्या ग्रामसभेने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईल वापरण्यास बंदी केली. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे वेगळा मार्ग निवडला गेला. तेथे सायंकाळी सात वाजता मंदिरावरील भोंगा वाजू लागला. साडेआठपर्यंत साऱ्या गावाने मोबाईल व दूरदर्शन संच बंद ठेवावेत, मुलांनी अभ्यास करावा, वडीलधाऱ्यांनी वाचावे, बोलावे, असा संकल्प झाला.

दोन्ही गावांची तळमळ खरी. तरीही अनुकरणीय वाटतो तो वडगावचा मार्ग. बंदी केवळ मुलाला बांधते. नियम आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांना बांधतो. मूल उपदेश ऐकून शिकत नाही, आचरण पाहून शिकते. स्वतः मोबाईलमध्ये गढलेल्या पित्याने 'अभ्यासाला बस' म्हटले, तर त्या शब्दांना वजन कोठून येणार?

संघाची शाखा हेच तर सांगत आली आहे: ठरलेली वेळ, रोजचा एक तास आणि समोरासमोर आलेली माणसे. परंतु आज बैठकीतही मांडीवरचा मोबाईल लुकलुकतो. गैरहजर स्वयंसेवकाच्या घरी जाण्याऐवजी व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप धाडून 'संपर्क झाला' असे समाधान आपण मानतो. त्याच्या घरातील आजारपण, मुलाची शाळा, सुटलेली नोकरी त्या निरोपातून कशी कळणार? पंच परिवर्तनात कुटुंब प्रबोधनाला स्थान मिळाले आहे. त्याचा आरंभ कार्यकर्त्याच्याच घरी व्हायला हवा.

तंत्रज्ञान हे आपले शत्रू नव्हे. भिवंडी परिसरातील अवाढव्य गोदामांचा व्यवहार त्याच्यावाचून चालणार नाही. शिवाय जेथे कर्ता पुरुष रात्रपाळीला जातो, तेथे सायंकाळी सातची वेळ सोयीची असेलच असे नाही. अशा घराने न्याहारीची वेळ धरावी, कोणी सुट्टीच्या दिवसाचे दुपारचे जेवण निवडावे. वेळ प्रत्येक कुटुंबाने आपल्या सोयीने ठरवावी. ती पाळण्यात मात्र सवलत नको. आणि त्या वेळी पहिला मोबाईल बाजूला ठेवला जावा तो घरातील सर्वांत थोर व्यक्तीचा.