१६ नोव्हेंबरच्या आत : शिरूर-दौंडकरांना आवाहन



यंदा दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरची ट्रंक खाली उतरेल. तिच्यातले जुने कागद रद्दीवाल्याच्या तराजूत टाकण्याआधी एकदा वाचून पाहा. घरात ऐंशी-नव्वदीचं कुणी असेल, तर त्यांच्याजवळ तासभर बसा. हे काम १६ नोव्हेंबरच्या आत व्हावं, एवढ्यासाठी हे आवाहन आहे.

१६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या मध्यवर्ती तुरुंगात इंग्रज सरकारने सात जणांना फाशी दिली. त्यांतले सहा पंजाबचे होते. सातवे आपल्या शिरूर तालुक्यातल्या तळेगाव ढमढेऱ्याचे, विष्णू गणेश पिंगळे. त्यांचं वय तेव्हा २७ वर्षांचं होतं.

पिंगळे १९११ मध्ये अमेरिकेला गेले ते अभियांत्रिकी शिकायला. तिथल्या पश्चिम किनाऱ्यावर माणसाची किंमत कातडीवरून ठरत होती. १९०७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावी गोऱ्या जमावाने लाकडाच्या गिरण्यांत राबणाऱ्या हिंदी मजुरांना मारझोड करून गावाबाहेर हुसकावलं. १९०८ मध्ये कॅनडाने नियम केला की मायदेशाहून वाटेत जहाज न बदलता येणाऱ्यालाच प्रवेश मिळेल. हिंदुस्थानातून असं थेट जहाज येतच नव्हतं, हे नियम करणाऱ्यांना चांगलं ठाऊक होतं. १९१४ मध्ये ३७६ प्रवासी घेऊन ‘कोमागाता मारू’ जहाज व्हँकुव्हरला पोचलं. दोन महिने त्याला बंदरात अडवून ठेवलं आणि मोजके लोक सोडून बाकीच्यांना परत पाठवलं. ते कलकत्त्याजवळ बजबजला लागलं, तेव्हा उतरलेल्या प्रवाशांवर गोळीबार झाला आणि माणसं मेली. परदेशात गोऱ्यांनी हाकललेल्या या प्रजेसाठी तिच्या सरकारकडे द्यायला गोळ्याच होत्या.

अशाच अपमानांतून, कोमागाता मारूच्या आधीच, १९१३ मध्ये इंग्रजी राज्य उलथवायला निघालेला गदर पक्ष अमेरिकेत उभा राहिला होता. पिंगळे त्यात सामील झाले. शिक्षण अर्धवट टाकून ते नोव्हेंबर १९१४ मध्ये कलकत्त्याला उतरले, बनारसला क्रांतिकारक रासबिहारी बोसांना भेटले आणि सैन्यात उठाव व्हावा म्हणून पंजाबातल्या छावण्यांमध्ये हिंदी सैनिकांशी संधान बांधू लागले. उठावाचा दिवस २१ फेब्रुवारी १९१५ असा ठरला. फितुरीचा संशय आला म्हणून तो १९ फेब्रुवारीवर आणला, पण तीही बातमी फुटली. धरपकड सुरू झाल्यावरही पिंगळे मागे फिरले नाहीत. २३ मार्च १९१५ रोजी मीरतला १२ व्या घोडदळाच्या छावणीत ते बॉम्बसह पकडले गेले.

खटला डिफेन्स ऑफ इंडिया ॲक्टखाली, तुरुंगाच्या भिंतींआड, विशेष न्यायाधिकरणापुढे चालला. ज्यूरी नव्हती आणि निकालावर अपील नव्हतं. त्याच काळात त्याच हिंदुस्थानात युरोपियन आरोपीला कायद्याने हक्क होता की त्याच्या ज्यूरीत निदान निम्मे लोक युरोपियन किंवा अमेरिकन असावेत. कातडी गोरी असेल तर न्याय करायला आपली माणसं मिळत, या खटल्यातल्या सावळ्या आरोपींना मात्र दादही मागता आली नाही. १३ सप्टेंबरला २४ जणांना फाशीची शिक्षा झाली. व्हाइसरॉयने १७ जणांची शिक्षा जन्मठेपेवर आणली. उरलेल्या सातांत पिंगळे होते.

पुढे १९३१ मध्ये याच तुरुंगात भगतसिंग आणि सुखदेव यांच्यासोबत आपल्या शेजारच्या खेडचे राजगुरू फासावर गेले. तारीख होती २३ मार्च, म्हणजे सोळा वर्षांपूर्वी पिंगळे पकडले गेले तीच. खेड आज राजगुरूनगर आहे आणि राजगुरूंचं नाव शाळकरी मुलालाही माहीत आहे. पिंगळ्यांचं नाव मात्र त्यांच्या तालुक्याबाहेर, कधी कधी तालुक्यातही, सांगून ओळख पटवावी लागते.

आता तातडी कशाची, ते सांगतो. पिंगळ्यांविषयी आज जे वाचायला मिळतं, त्याचा मोठा भाग त्यांना फाशी देणाऱ्यांनी लिहिलेला आहे : पोलिसांचे अहवाल, न्यायाधिकरणाचा निकाल, १९१८ चा रौलट समितीचा अहवाल. त्यांत किती बॉम्ब सापडले याची नोंद आहे. घरी त्यांना कोणत्या नावाने हाक मारत, अमेरिकेला जाताना पैसे कुणी उभे केले, फाशीची बातमी गावात कशी कळली, त्यानंतर पोलिसांच्या भीतीने कुणाकुणाच्या घरातले कागद जाळले गेले, हे सरकारी दप्तरात सापडायचं नाही. ते सापडलंच तर तुमच्या घरात सापडेल. आजी-आजोबांच्या तोंडून हे ऐकलेली पिढी आता थकली आहे आणि जुने वाडे एकामागून एक उतरवले जात आहेत.

म्हणून ही पाच कामं करू या.

१. जुनी पत्रं, पोस्टकार्डं, मोडीतले कागद, फोटो, वह्या बाजूला काढा. मोडी वाचता येत नाही म्हणून कागद बिनकामाचा ठरत नाही. फाटलेल्याला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका. दिवसाच्या उजेडात मोबाइलवर दोन्ही बाजूंचा स्वच्छ फोटो घ्या.

२. मूळ कागद कुणाच्याही हाती सहज देऊ नका. नीट जतन व्हावा असं वाटत असेल, तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे किंवा पुराभिलेखागाराकडे विचारणा करा. दिलाच, तर पावती घ्या.

३. वडीलधाऱ्यांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा. सुरुवातीला त्यांचं नाव, गाव, वय आणि ही हकीकत त्यांनी कुणाकडून ऐकली, ते विचारा. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच नोंदवा. हुतात्म्याच्या नावावर पदरचे चमत्कार चढवू नका, खरं आहे तेवढं पुरेसं आहे.

४. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव मांडा की गावातल्या शाळेत १६ नोव्हेंबरला सातही नावं वाचली जातील : विष्णू गणेश पिंगळे, कर्तारसिंग सराभा, जगतसिंग, हरनामसिंग, बक्षीससिंग आणि सुरैनसिंग नावाचे दोघे. शिक्षकांनो, त्या दिवशी रविवार आला तर आदल्या दिवशी वाचा, पण वाचा.

५. गावात पहिल्या महायुद्धाची संगमरवरी पाटी आहे का, ते पाहा. ‘या गावातून इतके लोक लढाईवर गेले, इतके मेले’ अशा पाट्या सरकारने महाराष्ट्रात अनेक गावांत बसवल्या. असेल तर तिचा फोटो घ्या आणि त्या माणसांची नावं शोधा. आकडा लिहून सरकार मोकळं झालं, तीही आपलीच माणसं होती.

दौंडकरांनी हे शिरूरचं काम समजू नये. दोन तालुक्यांमध्ये भीमा आहे, पण सोयरीक कधी नदीला अडली नाही. इकडच्या लेकी तिकडे दिल्या, त्यांच्या पेट्यांबरोबर कागदही गेले असतील. शिवाय पंजाबची वाटही दौंडवरूनच जाते : दौंडवरून जाणारी झेलम एक्स्प्रेस लुधियाना आणि जालंधर गाठते. कर्तारसिंगांचं सराभा गाव लुधियाना जिल्ह्यात आहे. जालंधरच्या देशभगत यादगार हॉलमध्ये दरवर्षी गदर पक्षाच्या क्रांतिकारकांच्या, म्हणजे ‘गदरी बाबां’च्या, नावाने मेळा भरतो. आपल्या एखाद्या शाळेची, कॉलेजची मुलं तिथे जाऊन ‘आम्ही पिंगळ्यांच्या गावाकडचे’ असं सांगू शकली, तर या सात नावांचं नातं पुन्हा जुळेल.

फाशी गेलेल्यांची नावं जपण्याचं काम इतरत्रही झालं आहे. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवटीने प्रिटोरियाच्या तुरुंगात फाशी दिलेल्या राजकीय कैद्यांची नावं आज त्याच तुरुंगात कोरलेली आहेत. २०१६ पासून तिथल्या सरकारने त्यांचे बेवारस पुरलेले अवशेष शोधून घरच्यांच्या स्वाधीन करायला सुरुवात केली. आपल्या वाट्याला एवढं अवघड काम आलेलं नाही. आपल्याला फक्त ट्रंक उघडायची आहे.

आणखी एक. स्मरणावरून माणसं एकमेकांसमोर उभी ठाकली की काय होतं, ते १ जानेवारी २०१८ च्या हिंसाचारात कोरेगाव भीमा परिसराने भोगलं आहे. पिंगळ्यांना एका जातीचे, एका पक्षाचे, एका गल्लीचे करू नका. फाशीच्या तख्तावर त्यांच्या सोबतीला ना त्यांच्या जातीचं कुणी होतं, ना त्यांच्या भाषेचं. म्हणून ठरावावर, कार्यक्रमावर, फलकावर गावातल्या सगळ्या वस्त्यांची सही असू द्या.

हे आवाहन आपल्या वाचनालयात लावा, बाजारच्या दिवशी मोठ्याने वाचून दाखवा, गावच्या व्हॉट्सॲप गटावर टाका. कामाला मात्र आज संध्याकाळपासूनच लागा, घरातल्या सर्वांत वयस्क माणसाजवळ बसून.