बारा व्होल्टचा चटका

छोटी शिडाची होडी हौसेने बाळगणारी मंडळी शिडाच्या कापडावर आणि रंगावर सढळ हाताने खर्च करतात. वायरिंगची वेळ आली की मात्र घरकामातून उरलेले वायरचे वेटोळे बाहेर निघते. ‘बाराच व्होल्ट तर आहेत, शॉक कुठे बसतोय?’ हे त्यावरचे ठरलेले उत्तर. ते निम्मे खरे आहे. कोरड्या हाताला १२ व्होल्ट जाणवतही नाहीत. ओल्या, खारट अंगाला फार तर झिणझिण्या येतील. होडीवरची वीज माणसाला गाठते ती भाजून आणि धुराने.

६० वॉटचा दिवा घरात पाव अ‍ॅम्पिअर प्रवाह घेतो, १२ व्होल्टवर ५ अ‍ॅम्पिअर. तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे त्याच तारेत ती साडेतीनशे पटींहून अधिक होते. डोलकाठीच्या टोकापर्यंत १० मीटर गेलेली दीड चौरस मिलिमीटरची वायर जाऊन-येऊन २० मीटर भरते आणि ५ अ‍ॅम्पिअरला तिच्यातच एक व्होल्टहून जास्त हरवतो. फिलामेंटचा दिवा त्यामुळे तीसेक टक्के मंदावतो. रात्री बंदराच्या तोंडाशी मोठ्या जहाजावरच्या माणसाला दिसायला हवा तो नेमका हाच दिवा! अशा दिव्यांसाठी घट ३ टक्क्यांच्या आत ठेवावी, असा नौकाबांधणीतला दंडक आहे. त्यासाठी इथे ६ चौरस मिलिमीटरची वायर लागेल. एलईडी दिवे बसवले तर प्रवाह बराच उतरतो आणि बारीक वायरही पुरते. काटकसर करायची तर ती अशी करावी.

खाऱ्या हवेचे दुखणे वेगळे. उघड्या तांब्याला हिरवट गंज चढतो आणि तो आवरणाखालून आत सरकत जातो. म्हणून होडीसाठी बारीक तारांची, प्रत्येक तारेला कथलाचा मुलामा दिलेली वायर घ्यावी. भांड्यांना कल्हई लावणाऱ्या पिढीला हे समजावून सांगावे लागले नसते. एकाच जाड तारेची वायर तर लाटांच्या हादऱ्यांनी तुटतेच. तारा पिळून वर टेप गुंडाळलेला सांधा सर्वांत वाईट. गंजलेल्या सांध्याचा रोध ०.१ ओहम झाला, तरी १० अ‍ॅम्पिअरला तिथे १० वॉट उष्णता तयार होते, म्हणजे वाटाण्याएवढ्या जागेत लहानसे सोल्डरिंग आयर्न. प्रवाह वाढलेला नसल्यामुळे फ्यूज उडत नाही. आवरण पीव्हीसीचे असेल तर ते जळताना हायड्रोजन क्लोराइड आणि कार्बन मोनॉक्साइड सुटतात. बंद केबिनमध्ये झोपलेल्याला ज्वाळा दिसण्याआधी हा धूर पुरेसा ठरतो.

फ्यूज उपकरणासाठी नसतो, वायरसाठी असतो. म्हणून तो बॅटरीच्या धन टोकापासून वीतभराच्या आत हवा. त्या वीतभर वायरला मात्र कोणतेच संरक्षण नसते. १०० अ‍ॅम्पिअर-तासांची साधी बॅटरी शॉर्ट झाली की हजाराहून अधिक अ‍ॅम्पिअर सोडू शकते. पाना टर्मिनलला लागला आणि बोटातली अंगठी त्याला टेकली, तर अंगठी क्षणात तापून बोट गोलाकार, हाडाच्या दिशेने खोलवर भाजते. बॅटरीला हात लावण्याआधी अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवावे. तरी भाजलेच, तर सूज येण्याआधी अंगठी काढून बोट वीस मिनिटे गोड्या पाण्याच्या धारेखाली धरावे. बर्फ, टूथपेस्ट काही नको. बॅटरीतले आम्ल डोळ्यात उडाले, तरी लगेच भरपूर पाण्याने तितकाच वेळ धुवावे आणि मगच रुग्णालयाची वाट धरावी.

पर्यटकांना भाड्याने फिरवणाऱ्या होड्यांच्या तपासणीत लाइफ जॅकेट मोजतात, ते योग्यच आहे. पण तपासणी करणाऱ्याने बॅटरीच्या पेटीचे झाकणही उचलावे. आत टेपचे सांधे दिसले, तर ते बदलून होईपर्यंत होडी किनाऱ्यालाच बांधलेली राहू द्यावी.