टाका न घालता जोडलेले दोन थर

घरात खताचे एखादे रिकामे प्लास्टिकचे पोते पडले असेल तर ते हातात घ्या. तळाला शिवण आहे. आता दोन्ही कडांवरून बोट फिरवा. बहुतेक पोत्यांना तिथे शिवण सापडायची नाही! ते पोते नळीसारखे गोलच विणलेले असते. त्याच्या मागावर धोटे गोल फिरतात, म्हणून कड अशी नसतेच.

पण साध्या, सपाट हातमागावरही ही करामत होते, आणि ती या पोत्यापेक्षा फार जुनी आहे.

साधे कापड कसे होते ते आपण पाहिलेले असते. उभे धागे म्हणजे ताणा, आडवा धागा म्हणजे बाणा. ताण्याचे एकाआड एक धागे वर उचलायचे, मधून धोटा फेकायचा. मग उरलेले उचलायचे, पुन्हा धोटा. त्यासाठी धागे उचलणाऱ्या दोन चौकटी पुरतात. दुहेरी कापडाला चार लागतात आणि तेवढ्याच रुंदीत ताणा दुप्पट भरावा लागतो. समजा, वरच्या थराचा ताणा लाल आणि खालचा पांढरा. लाल थर विणताना पांढऱ्याला हात लावायचा नाही. फक्त लालातले एकाआड एक धागे उचलायचे. पांढऱ्याची पाळी आली की मात्र लाल धागे सगळेच्या सगळे वर धरायचे, शिवाय पांढऱ्यातले निम्मे उचलायचे, आणि धोटा लालच्या खालून न्यायचा. असे आलटून पालटून चालले की एकावर एक दोन कापडे तयार होतात.

दोन धोटे वापरले तर ती सुटी राहतात. एकच धोटा वरून डावीकडे आणि खालून उजवीकडे असा फिरवला तर दोन्ही कडा जुळून नळी होते. एकाच कडेला वळवला आणि दुसरी मोकळी ठेवली, तर मागावरून उतरवून उलगडल्यावर मागाच्या दुप्पट रुंदीचे कापड हाती येते. लहान मागावर मोठी चादर!

आता जोड कशी? पांढरा थर विणताना एखादा लाल धागा उचलायचा राहिला, तर खालचा बाणा त्याच्यावरून जातो आणि दोन थर तिथे अडकतात. शिकाऊ विणकराची ही चूक. जाणता विणकर हीच चूक ठरावीक अंतरावर मुद्दाम करतो. तोच त्याचा टाका. टाके दाट पडले तर थर एकमेकांना दाबून बसतात, मधली हवा जाते आणि ऊब कमी होते. ऊब देते ती ही कोंडलेली हवाच. टाके फार विरळ पडले तर थर सरकतात, खिळ्याला अडकतात, फुगे येतात. आपल्या आजीच्या गोधडीतही धावदोऱ्याचे अंतर याच हिशोबाने असायचे, फक्त तिने तो कधी बोलून दाखवला नाही.

दुसरी जोड याहून सुंदर. काही अंतर विणल्यावर वरचा थर खाली आणि खालचा वर न्यायचा. जिथे अदलाबदल होते तिथे थर एकमेकांतून जातात, म्हणून ती रेघ आपोआप बंद होते. उभ्या-आडव्या अशा रेघा पाडल्या की चौकोनी कप्पे तयार होतात. गुजरातेत भरूचला याच विणीवर सुजनी नावाची रजई होते. कप्प्याचे तोंड उघडे असतानाच विणकर त्यात थोडा कापूस सारतो आणि पुढच्या फेऱ्यांनी तोंड बंद करतो. भरलेल्या कप्प्यांना सुईचा एकही टाका नाही! कापूस आपल्या चौकोनातून हलत नाही; रजईचा सगळा कापूस पायथ्याशी गोळा होण्याचा त्रास इथे नाही. काम संथ आहे आणि आता मोजकीच घरे ते करतात, तेव्हा किंमत जास्त दिसली तर घासाघीस जरा जपून करा.

हरभऱ्याच्या राखणीला शेतात झोपणाऱ्यासाठी बाजारात ‘डबल’ चादर घ्यायला जाल, तर हे तपासा. दोन्ही थर चिमटीत धरून हलकेच वेगळे ओढा. विणीने जोडलेले असतील तर मध्ये फुगा येतो आणि ठरावीक जागी अडतो. कुठेच फुगा येत नसेल, कापड ताठ लागत असेल, तर दोन कापडे चिकटवलेली असण्याचा संभव आहे. अशी एक आम्ही घेतली होती, ती दोन धुण्यांत सुटली. मागे नक्षी उलट्या रंगात दिसली एवढ्यावरून थर दोन समजू नका. एकाच थरात दोन रंगांचे बाणे घालूनही तसे दिसते. खात्री हवी असेल तर कापलेल्या कडेचे चार धागे उसवा. थर दोन असतील तर तिथे ते सुटे होऊन दिसतील.

कापूस भरलेली रजई मात्र पाण्यात बुडवू नका. उन्हात टाका आणि दुपारी एकदा उलटा.