खिडकीसकट शिफ्टिंग

आमची मुलुंडची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली. खोके भरताना आई म्हणाली, ‘‘हॉलची खिडकी पण न्यायचीय.’’ चार झडपांची, सागवानी, आजोबांनी हौसेने बसवून घेतलेली. मी हसले. ‘‘अगं, भाड्याच्या वन बीएचकेत ती लावायची कुठे?’’

त्याच आठवड्यात मला जगभरच्या अतरंगी घरांवर लिहायचं होतं. डोक्यात होती रॉटरडॅममधली पिएट ब्लॉमची क्यूब हाउसेस. १९८४ची. खांबांवर तिरपे तोललेले पिवळे ठोकळे! पण सर्च करता करता पोचले थेट आपल्या बेलापूरला.

तिथलं ‘कोलाज हाउस’ एस+पीएस आर्किटेक्ट्सनी २०१५मध्ये पूर्ण केलं. घराचा दर्शनी कोपरा म्हणजे पाडलेल्या घरांच्या जुन्या दारं-खिडक्यांची गोधडीच. रंग वेगळे, मापं वेगळी, तरी मस्त जमलंय. आत तुकड्या-तुकड्यांच्या लोखंडी पाइपांची बांबूसारखी भिंत, पावसाचं पाणी त्यातूनच खाली येतं. आणि घर कोणासाठी? एकाच कुटुंबातल्या चार पिढ्यांसाठी.

लॅपटॉप बंद केला आणि तडक पाडकामवाल्याला गाठलं. तो खिडकीकडे भंगार म्हणूनच बघत होता. थोडी घासाघीस झाली, पण झडपा सुटल्या.

सध्या त्या पलंगाखाली आहेत. नव्या फ्लॅटला बिल्डरच्या स्लायडिंग खिडक्या असतील. आमची लागेल हॉल आणि किचनच्या मध्ये. आईने जागासुद्धा ठरवलीय.

तुमच्या बिल्डिंगचा नंबर लागलाय? मग खोके भरण्याआधी एकदा खिडक्यांकडे नीट बघा.