त्यांची भिकबाळी, आमचं कानातलं

मी मुंबईच्या गोदीत ठेकेदाराच्या टोळीत माल उतरवतो. जयंतीला आठ दिवस हिंगणघाटला घरी गेलो होतो. रजेचा पगार नाही, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मी पुढं तापलो तर का तापलो ते कळेल.

वस्तीतल्या वाचनालयाच्या भिंतीवर खेळाडूंची चित्रं काढायची ठरली होती. वर्गणी जमली, पेंटर ठरला. पहिला चौकोन पालवणकर बाळूंचा. दुसरा खाशाबा जाधवांचा, 1952, हेलसिंकी, कुस्तीतलं कांस्यपदक. तिसऱ्या चौकोनात कोण? मी म्हणालो, विनोद कांबळी. झालं. वाचनालयाच्या ओट्यावर रात्री अकरापर्यंत रण पेटलं.

आमचे गुरुजी निवृत्त शिक्षक. मला बाराखडी त्यांनीच शिकवली, म्हणून पाया पडून भांडतो. ते म्हणाले, "वाया गेलेल्या माणसाचं चित्र पोट्ट्यायले दाखवता काय? दारू, दागिने, माज. काय शिकतीन ते?" माझा दोस्त उठला. "अबे, त्याले जातीनं मारलं! चित्र पाहिजेच!"

मी दोघांच्याही विरोधात आहे. आता नीट ऐका.

आधी दोस्ताचं. लेका, पुरावा आण. बंद दाराआड निवड समितीच्या डोक्यात काय होतं ते तू पाहिलंस? विनोदची जात हुडकून त्याच्या गळ्यात पाटी अडकवणं हे आपलं काम नव्हे. ते काम दुसरे लोक तीन हजार वर्षं फुकट करतायत. आणि हेही मान्य कर, की 1994 च्या अखेरीस वेस्ट इंडीजचे चेंडू बरगडीला यायला लागले तेव्हा विनोद फसला. जे फसलं ते फसलं. आपल्या माणसाच्या चुका झाकून त्याला हुतात्मा करायचा धंदा आपण करायचा नाही. ती देवळातली रीत झाली.

आता गुरुजी, तुमचं. तुमचं जास्त वेळ घेणार आहे.

मी कळता झालो तेव्हा विनोदचं क्रिकेट संपलं होतं. बापाच्या तोंडून ऐकलं, मग मोबाईलवर पाहिलं. कांजूरमार्गच्या चाळीतलं पोरगं किट उचलून लोकलनं दादरला आचरेकर सरांकडं जायचं. फेब्रुवारी 1988, आझाद मैदान, शारदाश्रमकडून सचिन आणि विनोदची 664 धावांची भागी. तुम्हाला सचिनचे 326 पाठ आहेत. विनोदचे किती? नाबाद 349. वर सहा विकेट. रणजीत आला तो पहिल्याच चेंडूला सिक्स मारून. 1993 साली वानखेडेवर इंग्लंडला 224, लगेच पुढच्या कसोटीत दिल्लीला झिम्बाब्वेला 227, मग श्रीलंकेत जाऊन आणखी दोन शतकं. 1994 ला शारजात शेन वॉर्नच्या एका ओव्हरमध्ये 22. कसोट्या एकूण 17, धावा 1084, सरासरी 54.20. सचिनची 200 कसोट्यांतली सरासरी 53.78. म्हणून विनोद मोठा, असं मी म्हणत नाही. 17 म्हणजे 200 नव्हे, एवढं गणित मॅट्रिकला होतं. पण 54 ची सरासरी असलेला माणूस नोव्हेंबर 1995 ला वयाच्या 23 व्या वर्षी शेवटची कसोटी खेळतो, आणि तुम्ही एका शब्दात निकाल देता. वाया गेला.

कोणामुळं? म्हणे बेशिस्त. बरं. मग 1995 नंतर ऑक्टोबर 2000 पर्यंत त्याला वन-डेत पुन्हा पुन्हा बोलावलं ते कसं? एकूण 104 वन-डे खेळला. कसोटीसाठी बेशिस्त आणि वन-डेसाठी शिस्तीचा? अशी कोणती शिस्त असते जी पांढऱ्या कपड्यांत दिसत नाही आणि रंगीत कपड्यांत दिसते? गोदीत मुकादम असंच करतो. कायम नोकरीचं विचारलं की तू कामचुकार. रात्रपाळीला माणूस कमी पडला की तूच वाघ.

आता माज. गळ्यात सोन्याची साखळी, कानात कानातलं, केसांची दर महिन्याला नवी तऱ्हा. हा माज! आणि पुण्यात कुणी धोतर नेसून कानात मोत्याची भिकबाळी डुलवत फिरला की ती परंपरा. पेशवाईची शान. फोटो काढा, छापा. कानाला भोक तेच, सोनं तेच. मग फरक कशात आहे? कान कोणाचा, यात आहे.

मनुस्मृतीचा दहावा अध्याय काढा. चांडाळानं दागिने घालायचे ते लोखंडाचे, असं तिथं लिहिलंय. ते पुस्तक 25 डिसेंबर 1927 ला महाडला जळलं. पण काही वाक्यं राखेतून उठून लोकांच्या जिभेवर जाऊन बसली, आणि गुरुजी, माफ करा, त्यातलं एक तुमच्या जिभेवर बसलंय. त्याच महाडला बाबासाहेबांनी आपल्या आयाबायांना सांगितलं होतं, जात ओळखू येते तसे दागिने टाका, लुगडं नीट नेसा, बरं दिसा. आपल्या जिल्ह्यात सेवाग्राम आहे. पंचा नेसून जगाला साधेपणा शिकवणारा माणूस इथं राहिला. ज्याच्याकडं सोडायला काही असतं त्याला पंचा शोभतो. आपल्याला सूट दाखवला तो बाबासाहेबांनी. त्या सुटालाही लोक माजच म्हणाले होते.

गुरुजी म्हणाले, "बाळूंचा आदर्श घ्या. सालस माणूस." घेऊ की! चांभाराचं पोर. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टी झाडायचा, रोलर ओढायचा, नेटमध्ये साहेबांना बॉल टाकायचा. हिंदूंच्या संघात घेतला तेव्हा मैदानात त्याच्या हाताचा बॉल चालायचा, चहा मात्र बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. 1911 साली इंग्लंडच्या दौऱ्यात त्यानं 114 बळी घेतले. ना साखळी, ना कानातलं, ना नाच. एवढं सालस असून हिंदूंच्या संघाचं कप्तानपद मिळालं का? कधीच नाही. त्याचा भाऊ विठ्ठल कप्तान झाला तो 1923 ला, बाळूचा जमाना सरल्यावर. मग शिस्तीनं वागलं की दार उघडतं हे तुम्ही कशावरून म्हणता? आणि हाच बाळू 1937 ला काँग्रेसच्या तिकिटावर मुंबईत बाबासाहेबांच्या विरोधात उभा राहिला आणि पडला. ते तुम्ही माफ केलंत, पहिला चौकोन दिलात. मीही दिला. विनोदची साखळी मात्र माफ नाही.

दारूचं म्हणाल तर विनोद स्वतः त्याबद्दल बोललाय. मी तिची तरफदारी करत नाही, माझ्या घरातला एक माणूस तिनं नेलाय. पण आपला जिल्हा पन्नास वर्षांपासून दारूबंदीचा, आणि ओट्यावरून उठल्यावर त्या रात्री कोण कुठल्या गल्लीत शिरलं ते मी पाहिलं. डिसेंबर 2024 ला शिवाजी पार्कवर आचरेकर सरांच्या स्मारकाच्या वेळची विनोदची क्लिप निघाली. आजारी, थकलेला, सचिनचा हात धरून बसलेला. आपल्याच पोरांनी त्यावर हसायची चित्रं लावून ती पुढं पाठवली. मलाही आली. पाठवणाऱ्याच्या प्रोफाईलवर निळा झेंडा होता. याची लाज मला विनोदच्या कुठल्याही फोटोपेक्षा जास्त वाटली.

मागं आमच्या धक्क्याला लागलेल्या एका जहाजावरच्या येमेनी खलाशानं मला मोबाईलवर एक मुष्टियोद्धा दाखवला. नसीम हमीद. येमेनी आईबापाचा, जन्म शेफिल्डचा, पोलादाच्या गावचा. चित्त्याच्या कातड्यासारखी चड्डी, रिंगमध्ये शिरायचा तो दोरावरून कोलांटी मारून. हात खाली सोडून समोरच्याला खिजवायचा. 37 लढतींत 36 विजय, 31 नॉकआऊट. 2001 साली लास वेगासला बरेरानं त्याला धडा शिकवला, पुढच्या वर्षी एक लढत खेळून तो थांबला. 28 वर्षांचा. पुढं बेदरकार गाडी चालवून तुरुंगातही गेला. इंग्लंडात त्याचा वाद आजही चालतो, थोर की उधळ्या? पण 2015 ला मुष्टियुद्धाच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं. कोलांट्या वजा करून नाही, कोलांट्यांसकट. खलाशाच्या डोळ्यांत पाणी होतं. "आमचा प्रिन्स," म्हणाला. मला विनोद आठवला. त्याला तसं म्हणणारं कोणी मला अजून भेटलं नाही.

हे सगळं भिंतीसाठी एवढं का? माझ्या मावशीचा पोरगा सोळाचा आहे. डावखुरा, वेगात टाकतो. त्यानं केसांना थोडा तांबडा रंग लावला. एका क्लबच्या कोचनं सांगितलं, "आधी केस काप, मग बॉलला हात लाव." पोरगं कापून आलं. पुढच्या रविवारी नवा बॉल दुसऱ्याच्या हातात. त्याचेही केस तांबडे, पण त्याला सोडायला बापाची गाडी येते. माझा भाऊ परत मैदानावर गेला नाही. आता सूतगिरणीत काम बघतोय. गुरुजी, उद्या यालाही तुम्ही वाया गेला म्हणणार ना?

मुंबईला निघताना पेंटरला दोनशे रुपये दिले. त्यानं विचारलं, "भाऊ, कानातलं काढू का ठेवू?" ठेव म्हणालो. परवा फोन केला तर चौकोन अजून रिकामाच, समितीची बैठक व्हायचीय. गुरुजींनी याला उत्तर लिहावं. संपादकांना सांगून ठेवलंय, त्यातला एक शब्द कापू नका.