उंदीर मोजले, तपासले कोणी?

हाँगकाँगमधल्या एका ५६ वर्षांच्या गृहस्थांवर २०१७ साली यकृत प्रत्यारोपण झाले. शस्त्रक्रिया नीट पार पडली, पण पुढे रक्ताच्या तपासण्यांत नव्या यकृताचे आकडे बिघडू लागले. लक्षणे हेपटायटिस ईकडे बोट दाखवत होती. रक्तात त्याच्या प्रतिपिंडांचा माग होता, विषाणू मात्र नेहमीच्या चाचणीत काही केल्या सापडेना. बहुतेक ठिकाणी अशा वेळी ‘निगेटिव्ह’ असा शिक्का बसतो आणि फाइल बंद होते. हाँगकाँग विद्यापीठाच्या डॉ. सिद्धार्थ श्रीधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती बंद होऊ दिली नाही. त्यांनी चाचणीच बदलली. तेव्हा जो विषाणू हाती लागला तो उंदरांतला हेपटायटिस ई होता. माणसाला तो झाल्याची तोवर जगात एकही नोंद नव्हती. रुग्णाच्या इमारतीच्या आसपास, कचऱ्याच्या जागेजवळ उंदरांचा सुळसुळाट होता. रिबाव्हिरिनच्या गोळ्यांनी रुग्ण बरा झाला आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ही बाब जाहीर झाली. त्यानंतर हाँगकाँगमध्ये असेच आणखी रुग्ण सापडत गेले, कारण आता तिथे ते शोधले जात होते.

जुनी चाचणी खोटी नव्हती. पीसीआर चाचणीत विषाणूच्या जनुकीय रचनेतला ठरावीक तुकडा हुडकणारे छोटे धागे वापरतात. तुकडा जुळला तर विषाणू आहे, नाही जुळला तर नाही. माणसांत आढळणाऱ्या प्रकारांसाठी बेतलेल्या धाग्यांना उंदरांतला प्रकार दिसणे शक्यच नव्हते. आपल्याकडे पावसाळ्यात तापाने फणफणलेला माणूस दवाखान्यात जातो, तेव्हा डेंग्यू, मलेरिया आणि लेप्टो या तीन चाचण्या होतात. तिन्ही नकारात्मक आल्या की ‘व्हायरल आहे, आराम करा’ असे सांगून त्याला घरी पाठवले जाते. कोणता व्हायरल, हे विचारण्याची रीत नाही. उंदरांमार्फत पसरणाऱ्या हंता विषाणूच्या एका प्रकारात ताप येतो, अंग मोडून येते, प्लेटलेट घसरतात आणि मूत्रपिंडावर ताण येतो. म्हणजे वरवर पाहता तो लेप्टोच वाटतो. अशा रुग्णाच्या रक्तात हंता शोधायचे कोणाच्या मनात येणार?

म्हणून शोध रुग्णाच्या आधी उंदरात घ्यायला हवा. न्यूयॉर्कमध्ये तो घेतला गेला. कोलंबिया विद्यापीठातील इयान लिपकिन यांच्या गटाने मॅनहॅटनमधल्या राहत्या इमारतींतून आणि एका बागेतून १३३ उंदीर पकडले. ते केवळ ठरावीक रोगजंतूंच्या चाचण्यांवर थांबले नाहीत. नमुन्यातली सगळी जनुकीय सामग्री वाचून काढायची, म्हणजेच सिक्वेन्सिंग करायचे, आणि मग त्यात कोण कोण आहे ते पाहायचे, असा मार्गही त्यांनी धरला. ऑक्टोबर २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विज्ञानाला ठाऊक नसलेले १८ विषाणू त्यात निघाले आणि आठ उंदरांमध्ये ‘सोल’ नावाचा हंता विषाणू निघाला. न्यूयॉर्कच्या उंदरांत तो तोवर कोणी पाहिला नव्हता. डोंगर पोखरून उंदीर काढणाऱ्यांना आपण हसतो, पण इथे उंदीर पोखरूनच डोंगराएवढे काही हाती आले.

यावर आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. उंदरात विषाणू सापडला म्हणजे तो माणसाला होतोच असे नाही. त्या १८ विषाणूंनी न्यूयॉर्ककरांना आजारी पाडल्याचा पुरावा नाही, आणि नव्या विषाणूच्या प्रत्येक बातमीवर ‘पुढची महासाथ’ असे मथळे देणाऱ्या वाहिन्यांनी या विषयाचे वाटोळेच केले आहे. पण सोलचे तसे नाही. तो माणसाला होतो हे आधीच सिद्ध होते. २०१७ मध्ये अमेरिकेत पाळीव उंदरांमार्फत तो ११ राज्यांत पोहोचला आणि १७ जणांना लागण झाली. जहाजांबरोबर जगभरच्या बंदरांत पोहोचलेला तपकिरी उंदीर हा त्याचा वाहक आहे. मुंबई हे बंदर आहे, याची वेगळी आठवण करून द्यायला नको.

आपल्याकडे माहितीचा दुष्काळ आहे असेही नाही. १९६४ साली तमिळनाडूतल्या वेल्लोरमध्ये एका चिचुंद्रीत एक विषाणू सापडला. तिथल्या वस्तीवरून त्याला थोट्टापलयम हे नाव मिळाले. (चिचुंद्री दिसते उंदरासारखी, पण ती उंदीर नव्हे.) ज्या विषाणूमुळे हंता हे कुळ नावारूपाला आले तो कोरियातल्या रानउंदरात सापडला १९७० च्या दशकात. म्हणजे या कुळातला पहिला विषाणू प्रयोगशाळेत वेगळा काढला गेला तो भारतात, पण तो कोणत्या कुळातला हे ओळखायला बरीच वर्षे गेली. पुढे वेल्लोरच्याच ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या संशोधकांना गोदाम कामगारांच्या आणि उंदीर पकडणाऱ्या इरुला आदिवासींच्या रक्तात हंताविरोधी प्रतिपिंडे आढळली. एवढे होऊनही तापाच्या रुग्णांत हंता शोधणे हा देशात कुठे तपासणीचा नित्याचा भाग झाला नाही.

गोष्ट एकट्या हंताची नाही. सिंधुदुर्गातल्या दोडामार्गला २०१६ मध्ये माकडताप आला, तो आधी शेजारच्या गोव्यात सत्तरीत दिसला होता. कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात १९५७ मध्ये या विषाणूचा छडा लावला तो पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या एनआयव्हीने. नावात माकड असले तरी जंगलात हा विषाणू गोचिडांबरोबर उंदीर आणि चिचुंद्र्यांतही वावरतो. काजूच्या बागेत माकड मरून पडले की गावात बोभाटा होतो. उंदीर मेला तर कोणी वळूनही पाहत नाही, त्यामुळे इशारा मिळतो तो माकडे मरू लागल्यावर.

मुंबईत तर उंदीर शोधत फिरायचीही गरज नाही. महापालिकेचे रात्रपाळीचे मूषक संहारक रोज रात्री काठी आणि बॅटरी घेऊन गल्लीबोळांत, गटारांच्या कडेने, मंड्यांच्या मागच्या बाजूला फिरतात. एका रात्रीत ३० उंदीर हा त्यांचा कोटा आहे. सकाळी पोती उघडून उंदीर मोजले जातात. ही यंत्रणा प्लेगच्या धसक्यातून उभी राहिली आणि आजही तिची नजर प्रामुख्याने प्लेगवरच आहे. त्या पोत्यांत आणखी काय येते, याचा वॉर्डनिहाय हिशेब नागरिकांपुढे ठेवला जात नाही. तो ठेवला जातो फक्त मारलेल्या उंदरांच्या संख्येचा.

याच शहराने एके काळी याहून फार चांगले काम केले होते. १८९६ च्या प्लेगनंतर, १९०५ पासून, परळच्या प्रयोगशाळेत प्लेग आयोगाच्या शास्त्रज्ञांनी हजारो उंदीर फाडून तपासले. कोणता उंदीर कोणत्या जागी सापडला, याची चिठ्ठी त्याच्यासोबत येत असे. त्यातूनच कळले की प्लेग आधी गटारातल्या उंदरांत पसरतो, मग घरातल्या उंदरांत आणि त्यानंतर काही दिवसांनी माणसांत. पीसीआर नव्हते, सिक्वेन्सर नव्हते, शीतपेट्याही नव्हत्या. शंभरहून अधिक वर्षांनी ही तिन्ही साधने हाताशी असताना आपण चिठ्ठी लावणेच सोडून दिले आहे.

तेव्हा मागणी साधी आहे. दर वॉर्डातून दर महिन्याला काही ताजे उंदीर आणि घुशी बर्फावर ठेवून पुण्याला पाठवा. सापडल्या जागेची नोंद सोबत जाऊ द्या. तिन्ही चाचण्या नकारात्मक आलेल्या तापाच्या रुग्णांचे उरलेले रक्त, त्यांची संमती घेऊन, जपून ठेवा, म्हणजे उंदरांत काही आढळले तर माणसांतही तपासता येईल. निष्कर्ष जाहीर करा, काही सापडले नाही तरीसुद्धा. आणि पहिली सुई त्या मूषक संहारकांच्या व सफाई कामगारांच्या दंडात टोचा. उंदरांच्या मुताशी, विष्ठेशी, धुळीशी त्यांच्याइतका कोणाचा संबंध येत नाही. हंताची प्रतिपिंडे पाहायला साधी रक्तचाचणी पुरते. हातमोजे आणि मास्क तर त्याआधीच द्यायला हवेत, त्यासाठी कुठल्याही अहवालाची वाट पाहायला नको. हे सगळे यंदाच्या नालेसफाईच्या आधी होऊ शकते.